रत्नकळीचा हत्ती

भाट्याच्या भागोजी मयेकरानं आयुष्यात एकच सिनेमा पाहिला होता, आणि तोही पाऊणच. पण त्या पाऊण सिनेमावर त्यानं अख्ख्या वाडीची सहा वर्षं करमणूक केली.

ही पंचवीस सालची गोष्ट. तेव्हा भागोजी मुंबईत परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. खोलीतल्या गाववाल्यांनी एकदा त्याला ओढून सिनेमाला नेलं. सिनेमाचं नाव होतं ‘कालिंदगडची रत्नकळी’. मुका सिनेमा. पडद्याशेजारी एक माणूस पेटी वाजवी, आणि लहर लागली तर गाईसुद्धा. भागोजीच्या मंडळींनी सगळ्यांत स्वस्त तिकिटं काढली होती. ती पडद्याच्या मागच्या बाजूची. पडदा पाण्यानं भिजवला की पुढचं चित्र मागच्यांनाही दिसायचं. सिनेमा असाच बघतात अशी भागोजीची समजूत झाली. मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची. भागोजी मराठी तीन इयत्ता शिकलेला, पण त्यातलं एक अक्षर त्याला लागेना. ही कुठली तरी साहेबाच्या मुलखातली लिपी असेल म्हणून त्यानं तिकडं लक्षच दिलं नाही. कोण कुणाचा कोण आणि कोण कुणावर का चिडलाय, हे त्यानं चेहरे बघून आपलं आपण जुळवून घेतलं. आणि शेवट यायच्या आत पाळीची वेळ झाली म्हणून तो उठून गेला.

पुढं गिरण्यांचा मोठा संप झाला. भागोजी गाठोडं घेऊन बोटीनं रत्नागिरीला उतरला, तरीच्या होडीनं खाडीपलीकडं भाट्याला आला आणि माडांच्या आगरात रमला. परत मुंबईला काही गेला नाही.

सिनेमा सांगायला सुरुवात झाली ती गंगुबाईच्या घरापुढच्या खळ्यात. गंगुबाई म्हणजे वाडीतली सगळ्यांत वडीलधारी बाई. दुपारी तिच्या खळ्यात बायका काथ्याचं सुंभ वळत बसायच्या. भागोजीची बायको मथुराही असायची. एकदा भागोजी नारळाची सोडणं टाकायला म्हणून आला आणि बोलता बोलता त्यानं रत्नकळीची गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी ती एवढीशीच होती. रत्नकळी नावाची राजकन्या, तिचा कपटी मामा, आणि तिला सोडवायला येणारा डावखुरा रणधीर. झालं. बायकांच्या हातातलं सुंभ वीतभरही वाढलं नाही एवढ्यात गोष्ट संपली.

“एवढीच?” गंगुबाई म्हणाली. “राजाची लेक म्हणतोस आणि तिच्या दाराशी हत्ती नाय?”

भागोजीनं क्षणभर विचार केला. मग म्हणाला, “होता तर! सांगायचा ऱ्हायला.”

त्या दिवसापासून हत्ती आला. त्याचं नाव मोत्या. पुढच्या पावसाळ्यात मोत्यानं तुरुंगाचा दरवाजा फोडला. त्याच्या पुढच्या वर्षी तो रत्नकळीशी मनातलं बोलू लागला. गणपतीला मुंबईहून पाव्हणे आले की वाडीतली माणसं त्यांना म्हणत, “तुमी कसले सिनेमे बघता? आमच्या भागोजीकडनं रत्नकळी ऐका.”

आणि एक गाणं होतं. पेटीवाल्यानं म्हटलेलं. त्यातल्या दोनच ओळी भागोजीला आठवत होत्या:

*किल्ल्याच्या पाठी गं चांदणं सांडलं,*
*माझ्या पायीचं पैंजण तिथंच सांडलं…*

पुढचं त्याला येत नव्हतं. तो डोळे मिटायचा, डोकं खाजवायचा, “काय बरं होतं ते” म्हणायचा. बायकांना दम निघेना. सुंभ वळता वळता त्यांनीच पुढचं जुळवलं. एक ओळ मथुरेनं घातली, एक शेजारच्या मालननं, आणि दोन-तीन वर्षांत त्याची अकरा कडवी झाली. भात लावताना ती सगळी म्हणून व्हायची, आणि कुणी विचारलं तर बायका सांगायच्या, ‘सिनेमातलं गाणं हाय.’

वाडीत या सगळ्यावर विश्वास नसलेला एकच माणूस होता. रावजी मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, चष्मा लावणारे, आणि कुणी काही सांगितलं की “पुरावा?” असं विचारणारे. ते रोज खळ्याच्या कडेला येऊन बसायचे, पूर्ण गोष्ट ऐकायचे, आणि उठताना म्हणायचे, “भागोजी, मागच्या वेळी हत्तीला दोन सुळे होते. आज एक मोडका निघाला.”

“लढाईत मोडला, मास्तर.”

“कुठल्या लढाईत?”

“ती उद्या सांगायची हाय.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पस्तीस सालच्या शिमग्यानंतर मात्र तरीवाला काशीराम एके सकाळी हातात गुलाबी कागद नाचवत वाडीत आला. रत्नागिरीत गावाबाहेरच्या माळावर तंबू लागला होता. फिरता सिनेमा. मुंबईत आता बोलपटांचा जमाना आला होता. जुने मुके खेळ मातीमोलानं मिळत, आणि ते घेऊन असे तंबूवाले गावोगाव हिंडत. रावजी मास्तरांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला आणि मोठ्यानं वाचलं, “आज दिवेलागणीस. कालिंदगडची रत्नकळी.”

गंगुबाईच्या खळ्यात असा गलका उठला की माडावरचे कावळे उडाले. काशीराम म्हणाला, आज भरती सोयीची आहे, दोन खेपांत सगळी वाडी पलीकडं नेतो. मालन घरी लुगडं बदलायला धावली. रावजी मास्तर भागोजीकडं बघून हसले. सहा वर्षांत पहिल्यांदाच हसले.

भागोजी हळूच खळ्यातून सटकला.

तो घरी येऊन ओटीवर आडवा झाला. मथुरेनं पेजेचं ताट पुढं ठेवलं. त्यानं हात लावला नाही.

“पाय दुखतोय माझा,” तो म्हणाला. “तुमी जावा सगळे.”

“कुठचा पाय?”

भागोजीनं दोन्ही पायांकडं बघितलं. “डावा.”

मथुरा त्याच्याजवळ बसली. आवाज खाली आणून म्हणाली, “हत्ती नाय ना त्यात?”

भागोजी उठून बसला. “तुला कुणी सांगितलं?”

“अवो, मी तिथंच होते की. गंगुआत्यानं हत्ती मागितला आणि तुमी दिलात. सगळ्या बायकांनी बघितलं.”

“मग त्या बोलल्या कशा नायत?”

“हत्ती बरा वाटला त्यांना,” मथुरा म्हणाली. “पण आता विसरल्या त्या. खराच वाटतो सगळ्यांना. मलापण वाटतो कधीकधी. बरं, शेवट तरी खरा हाय ना? दोघांचं लग्न होतं तो?”

भागोजी ताटातल्या लोणच्याकडं बघत राहिला. “शेवट मी बघितलाच नाय.”

मथुरेनं कपाळाला हात लावला. मग पदर खोचून उठली आणि म्हणाली, “पेज खा. उपाशी पोटी बोलणी खाल्ली तर चक्कर येईल.”

संध्याकाळी भागोजी दुसऱ्या खेपेला सगळ्यांत शेवटी तरीत चढला. पलीकडं राजिवड्याला उतरून माळावर पोचेपर्यंत तो तीनदा वहाणेतला खडा काढायला थांबला. खडा नव्हताच. पण गंगुबाई त्याची वाट अडवून उभी होती. “चल रं. तू पुढं बस. आमच्या मध्ये बस.”

तंबूत गर्दी झाली होती. एका कडेला इंजिन धडधडत होतं. तंबूचा मालक आत्माराम शेठ नावाचा लांब कोटातला, बारीक मिशांचा गृहस्थ होता. तोच यंत्र फिरवायचा. पेटीवर बाबू नावाचा एक किडकिडीत माणूस बसला होता. भागोजीला वाडीनं अगदी मधोमध बसवलं. तो पहिल्यांदाच पडद्याच्या पुढच्या बाजूला बसला होता, पण काळजीपोटी त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

दिवा मालवला. पडदा उजळला. अक्षरं आली, आणि भागोजीला धक्काच बसला. साधी सरळ बाळबोध मराठी! त्याला वाचताही येत होती, पण ती निघून जाण्याच्या आत रावजी मास्तरांनी खड्या आवाजात वाचून टाकली, “कालिंदगडचा राजा दुर्जयसिंह आणि त्याची एकुलती एक कन्या रत्नकळी.”

“कन्या?” गंगुबाई म्हणाली. “तो मामा हाय तिचा.”

“बाप आहे. लिहिलंय तसं.”

“लिवणाऱ्याला काय ठाव? सख्खा बाप पोरीला कोंडून घालेल? मामाच तो.”

आजूबाजूच्या रत्नागिरीकरांनी “शूऽऽ” केलं. खेळ पुढं सरकला. रत्नकळी दिसली आणि भाट्याच्या बायकांनी “आली गं बाई” म्हणून तोंडावर पदर घेतले. भागोजीलाही गलबलून आलं. दहा वर्षांत ती जराही बदलली नव्हती. तीच भुवई, तसंच मान वळवणं. फक्त ती आता उलट्या बाजूला वळत होती.

मग रणधीर आला. त्यानं तलवार उपसली. उजव्या हातानं.

पहिल्यांदा काशीराम उठला. “ओ! हा रणधीर नव्हं! रणधीर डावखुरा हाय!”

“खरंच की,” मालन म्हणाली. “ह्यो दुसराच कोणतरी.”

“बदललाय! माणूस बदललाय!”

भागोजी डोळे चोळत होता. इथं त्याची काही चूक नव्हती. डावा हात त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, देवाशपथ. हत्ती घातला, सुळा मोडला, सगळं कबूल. पण रणधीर डावखुराच होता.

लोकांनी कसंबसं दबून पुढचं बघितलं. पण तुरुंगाचा प्रसंग आला आणि सगळंच बिनसलं. पडद्यावर दहा-बारा शिपाई एक लाकडाचा ओंडका घेऊन आले आणि दरवाज्यावर धडका मारू लागले. भाट्याची माणसं मान उंच करून ओंडक्याच्या मागं बघत होती, बाजूला बघत होती. दरवाजा पडला. रत्नकळी बाहेर आली.

“हत्ती कुठाय?” गंगुबाई उभी राहिली. “अरं, मोत्या कुठाय?”

“हत्ती कापला!” काशीराम ओरडला. “शेठ, हत्ती कापलास तू!”

“हत्ती दाखवा!” पंचवीस-तीस माणसं एकदम ओरडली. पाठीमागच्या ज्यांनी हत्तीचं नावही ऐकलं नव्हतं, तेही ओरडू लागले. हत्ती असताना तो लपवून ठेवलेला कुणाला आवडेल? कुणीतरी तंबूचा खांब हलवून बघितला.

आत्माराम शेठनं यंत्र थांबवलं, बत्ती मोठी केली आणि घाम पुसत पुढं आला. “मंडळी, कसला हत्ती? या खेळात हत्ती नाही. चार वर्षं झाली, मी हा खेळ दाखवतोय.”

“आमी सहा वर्षं बघतोय,” गंगुबाई म्हणाली.

शेठनं बत्ती उचलून तिच्याकडं निरखून बघितलं.

“हा बसलाय बघ बघणारा,” गंगुबाईनं भागोजीचा दंड धरून त्याला उभं केलं. “मुंबईस बघून आलाय. सांग रं ह्याला.”

सगळा तंबू भागोजीकडं बघू लागला. रावजी मास्तरांनी चष्मा नीट केला. भागोजीनं मथुरेकडं बघितलं. ती मान खाली घालून पदराचं टोक चावत होती. आता खरं सांगून टाकावं, वाडीनं वाळीत टाकलं तरी चालेल, असं त्यानं ठरवलं. तोंड उघडलं. पण आधी बाहेर पडलं ते दुसरंच.

“हत्तीचं मग बोलू,” तो म्हणाला. “पण रणधीर डावखुरा होता. ह्यात फरक नाय.”

शेठनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मुंबईत कुठं बसून बघितलात?”

“पडद्याच्या मागं. स्वस्त तिकीट.”

शेठ हसायला लागला. त्याला हसू आवरेना. “अहो, पडद्यामागून सगळं उलटं दिसतं! उजवा हात डावा दिसतो, अक्षरं उलटी दिसतात. आरशात दिसतं तसं. माणूस एकच आहे, तुम्ही पाठीमागून बघितलात!”

भागोजीच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. साहेबाची लिपी! त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्याच्याआधी गंगुबाईच्या डोक्यात प्रकाश पडला होता.

“म्हंजे असं हाय होय,” ती सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “हत्ती मागच्या अंगाला हाय! पुढनं कसा दिसेल तो?”

सगळीकडून माना हलू लागल्या. सगळ्यांनाच ते पटलं. एवढं मोठं जनावर, पुढं उभं केलं तर बाकी काय दिसणार?

“भागोजीनं मागनं बघितलाय,” काशीराम म्हणाला. “त्याला उभा करा. पुढचं आमी बघतो, मागचं तो सांगेल.”

शेठनं हलणाऱ्या खांबाकडं एकदा बघितलं, भागोजीकडं एकदा बघितलं, आणि हात जोडून म्हणाला, “या दादा. पडद्याजवळ या. मी फिरवतो, तुम्ही बोला. पण तंबू ठेवा माझा.”

भागोजी गेला. पडद्याची कड धरून उभा राहिला. यंत्र सुरू झालं, पडदा उजळला आणि रत्नकळीनं मान वळवली. ते बघितल्यावर त्याला मग काही अवघड वाटलं नाही. खळ्यात सांगायचा तसाच तो सांगू लागला. मामा का चिडला, रणधीर कुठून आला, आणि दरवाजा पडल्यावर मोत्यानं सोंड वर करून कशी आरोळी दिली. आरोळीसुद्धा त्यानं स्वतःच दिली. रत्नागिरीचे लोकही पुढं सरकून बसले. दोन वेळा रावजी मास्तरांनी पडद्यावरची अक्षरं वाचायला सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा अनोळखी माणसांनीच त्यांना गप्प केलं.

मग रत्नकळी चांदण्या रात्री तटावर येऊन बसली. भागोजीनं पेटीवाल्या बाबूकडं बघून त्या ओळी धरल्या, ‘किल्ल्याच्या पाठी गं…’ बाबूनं दोन पट्ट्या बदलून बघितल्या आणि तिसरीवर त्याला सूर सापडला. दोन्ही ओळी संपल्या. भागोजी नेहमीसारखा अडला. त्याबरोबर बायकांच्या बाजूनं मथुरेचा आवाज आला:

*कुणी म्हणे येचा गं, कुणी म्हणे ऱ्हाऊ दे,*
*येचाया आलेल्या राजाला पाहू दे…*

मालननं पुढचं उचललं, मग सगळ्यांनी. बाबू मान डोलवत साथ करू लागला. पडद्यावरची रत्नकळी केव्हाच तटावरून उठून लढाईत गेली होती, घोडे पडत होते, धूळ उडत होती, आणि तंबूत चांदणं सांडतच होतं. अकरा कडवी झाल्याशिवाय कुणी थांबलं नाही.

शेवट जवळ आला तशी भागोजीची जीभ जड होऊ लागली. इथून पुढचं त्यानंही बघितलं नव्हतं. पडद्यावर रणधीर जखमी होऊन पडला. रत्नकळी धावत बुरुजाच्या टोकावर आली. खाली समुद्र. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि उडी टाकली. पाणी उसळलं. मग नुसत्या लाटा. मग काळ्या पाटीवर अक्षरं आली. भागोजी पडद्याला इतका चिकटून उभा होता की त्याला ती वाचता येईनात.

गंगुबाईचा आवाज अगदी बारीक आला. “मास्तर, काय लिवलंय वो?”

रावजी मास्तर उभे राहिले. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला, आणि अक्षरं वाचली. त्यांचे ओठ हलले. गंगुबाई त्यांच्याकडं बघत होती. सगळी वाडी बघत होती.

मास्तरांनी घसा साफ केला. “लिहिलंय,” ते म्हणाले, “की पुढचं भागोजी सांगेल.”

अक्षरं गेली. रीळ संपलं. शेठ यंत्राचा दिवा मालवायला निघाला होता, पण कुणीच उठत नाही असं बघून त्यानं हात मागं घेतला. पांढरा रिकामा पडदा तसाच उजळत राहिला.

भागोजीनं रावजी मास्तरांकडं बघितलं. मग पडद्याकडं वळून, बोटानं दाखवत म्हणाला, “ही लाट बघा. लाटेमागं काळं काय दिसतंय?”

“खडक,” कुणीतरी म्हणालं.

“खडक हलतो काय?”

“मोत्या!” मालन किंचाळली.

मोत्या पोहत आला. त्यानं रत्नकळीला सोंडेनं उचललं, पाठीवर घेतलं आणि वाळूवर आणून ठेवलं. रणधीरची जखम खोल नव्हतीच. मामाला पश्चात्ताप झाला. लग्नाला कोण कोण आलं, जेवणात काय होतं, वरातीत मोत्यावर झूल कुठली होती, हे सगळं भागोजीनं दाखवलं आणि पाचशे माणसांनी त्या कोऱ्या कापडावर ते बघितलं. शेठही यंत्राला टेकून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्माराम शेठ पहिल्याच तरीनं भाट्याला आला. मथुरेनं त्याला गुळाचा चहा दिला. शेठ म्हणाला, लोक आज परत त्याच खेळाला येतो म्हणतायत, आणि तुम्ही बोलणार असाल तरच. पावसाळ्यापर्यंत आपला मुक्काम पावस, नाटे आणि राजापूर. येता का?

“माझ्याकडं आणखी चार खेळ आहेत,” शेठ म्हणाला. “पण ते तुम्ही बघितलेत का?”

“नाय.”

“मग सांगणार कसे?”

भागोजी विचारात पडला. तेव्हा मथुराच दारातून म्हणाली, “रत्नकळी तरी कुठं बघितलेली सगळी? त्येंचं काय ते होईल. पण गाणी कोण म्हणणार? त्येंना दोन ओळींच्या पुढं येत नाय.”

शेठनं भागोजीकडं बघितलं, भागोजीनं मथुरेकडं. ती आधीच ट्रंक पुसत होती.

आठवड्यानं तंबू उतरवून दोन बैलगाड्यांवर चढवला गेला. पुढच्या गाडीत शेठ आणि यंत्र. मागच्या गाडीत गुंडाळलेल्या कनातीवर भागोजी, मथुरा आणि पेटी मांडीवर घेतलेला बाबू. गंगुबाईनं वाटेत खायला सुकट आणि भाकऱ्या बांधून दिल्या. रावजी मास्तर गाडीच्या चाकापर्यंत आले आणि भागोजीच्या हातात एक वही कोंबून म्हणाले, “प्रत्येक गावात काय सांगितलंस ते लिहून ठेव. परत आल्यावर मी तपासीन.”

गाड्या लाल मातीच्या चढणीला लागल्या. मथुरा बाराव्या कडव्याची ओळ गुणगुणत होती, आणि बाबू म्हणत होता, “वैनी, ही चाल चढणीला बरी, पण उतारावर जमायची नाही.” मथुरा म्हणाली, “उतार येऊ दे, मग बघू.” भागोजी कनातीवर उताणा पडून, शेठच्या पेटाऱ्यातल्या दुसऱ्या सिनेमाचं नुसतं नाव आठवत होता. त्यात एक वाघ घालावा की दोन, हे अजून ठरायचं होतं.